महागडा डिस्क प्लेअर घेताना: आधी कपाट बघा, मग मागची सॉकेटं, मग किंमत

डिस्क प्लेअरच्या बाजारात आता फार गर्दी उरलेली नाही. ओप्पो डिजिटलने एप्रिल २०१८ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं, पायोनिअरची एलएक्स मालिकाही संपली. उरलेल्यांत तीसचाळीस हजारांपासून अडीच-तीन लाखांपर्यंतचे प्लेअर आहेत आणि गंमत अशी की काही जोडण्यांमध्ये या दोन टोकांच्या प्लेअरमधून पडद्यावर आणि स्पीकरवर येणारा माल एकसारखाच असतो. त्यामुळे 'सगळ्यात भारी कोणता?' असं दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे डिस्क कोणत्या आहेत आणि प्लेअरच्या मागच्या कुठल्या सॉकेटमधून आवाज आणि चित्र बाहेर काढणार, एवढं ठरलं की निम्मी यादी आपोआप गळते.

पायरी पहिली: कपाटातली मोजदाद

सगळ्या डिस्क काढून जातीनुसार ढीग लावा. सीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ (फक्त संगीतासाठीची डीव्हीडी), साधी डीव्हीडी, ब्लू-रे, यूएचडी ब्लू-रे (४के चित्राची) आणि आपल्याकडे हमखास निघणारी व्हीसीडी. हे सगळं एकाच ट्रेमध्ये बसतं म्हणून सगळं चालतंच असं नाही.

सीडी प्रत्येक प्लेअर वाजवतो, तिथे काळजी नाही. एसएसीडी हा १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने आणलेला प्रकार. बहुतेक एसएसीडी 'हायब्रिड' असतात: वरच्या थरात साधी सीडी, आतल्या थरात डीएसडी, म्हणजे एसएसीडीचं खास डिजिटल ध्वनिमुद्रण. एसएसीडी न वाचणारा प्लेअरही अशी डिस्क मुकाट्याने सीडी म्हणून वाजवतो आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. डिस्प्लेवर 'एसएसीडी' अक्षरं उमटली तरच आतला थर वाजतोय असं समजा. पॅनासोनिकचा डीपी-यूबी९००० हा चित्राच्या बाबतीत अव्वल प्लेअर, पण तो एसएसीडीचा थर वाचत नाही आणि डीव्हीडी-ऑडिओही नाही. तुमच्याकडे शंभर एसएसीडी असतील तर कितीही कौतुक ऐकलंत तरी हा प्लेअर तुमच्यासाठी नाही.

व्हीसीडीबद्दल स्वतंत्र इशारा. मराठी नाटकं, कीर्तनं, जुने चित्रपट आपल्याकडे वर्षानुवर्षं व्हीसीडीवर निघाले. आपल्याकडच्या 'पाल' टीव्ही-पद्धतीच्या व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि आजच्या महागड्या प्लेअरपैकी कितीतरींच्या मॅन्युअलमधल्या 'चालणाऱ्या डिस्क' या तक्त्यात व्हीसीडीचं नावच नसतं. तो तक्ता कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो, विकत घेण्याआधी वाचा. नाव नसेल तर त्या व्हीसीडी संगणकावर उतरवून घ्या. त्यासाठी दोन लाखांचा प्लेअर शोधत बसू नका.

सीडी सोडून काहीच नसेल तर इथेच थांबा. व्हिडिओ प्लेअर मुळी घेऊच नका. चांगला सीडी प्लेअर किंवा केंब्रिज ऑडिओच्या सीएक्ससीसारखा फक्त डिजिटल आउटपुट देणारा सीडी ट्रान्सपोर्ट आणि त्याला एक डॅक (डिजिटल डेटाचा अ‍ॅनालॉग आवाज करणारी पेटी), हे कमी पैशात जास्त सुखाचं काम. ट्रे झटकन उघडतो, गाणं लगेच सुरू होतं, टीव्ही लावावा लागत नाही. ब्लू-रे प्लेअर सुरू होऊन डिस्क ओळखण्यातच बराच वेळ घालवतात आणि रोज दुपारी भीमपलास लावणाऱ्याला ते नको होतं. सीडी आणि एसएसीडी दोन्ही असतील पण चित्रपट नसतील, तर मरांट्झ किंवा डेनॉनचे स्टिरिओ एसएसीडी प्लेअर बघा. त्यातून मल्टिचॅनेल (दोनपेक्षा जास्त स्पीकरचा आवाज) मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या.

पायरी दुसरी: आवाज कुठल्या सॉकेटमधून बाहेर पडणार?

पैसे वाचतात किंवा वाया जातात ते इथे. रस्ते तीन आहेत.

एक, एचडीएमआयवरून बिटस्ट्रीम. म्हणजे डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओचा डेटा प्लेअर जसाच्या तसा रिसिव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या होम थिएटर अ‍ॅम्प्लिफायरला) देतो आणि उलगडण्याचं काम रिसिव्हर करतो. अ‍ॅटमॉस आणि डीटीएस:एक्स हे डोक्यावरूनही आवाज देणारे प्रकार याच रस्त्याने जातात. इथे प्लेअरचा डॅक वापरलाच जात नाही, त्यामुळे त्यात कुठली चिप आहे, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर आहे का, तांब्याचा पत्रा लावलाय का, याने चित्रपटाच्या आवाजात फरक पडत नाही. तुमची सगळी मांडणी रिसिव्हर आणि एचडीएमआय अशी असेल आणि कुणी 'याचा ईएसएस डॅक ऐकाच' म्हणत असेल, तर तो तुम्हाला न वापरायची वस्तू विकतोय.

दोन, एचडीएमआयवरून पीसीएम (सीडीवर असतो तसा साधा डिजिटल आवाज) किंवा डीएसडी. एसएसीडीसाठी हा रस्ता लागतो. डीएसडी म्हणजे १ बिट, २.८२२४ मेगाहर्ट्झ, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झच्या बरोबर ६४ पट. रिसिव्हर डीएसडी घेत असेल तर प्लेअरमधलं डीएसडी आउटपुट चालू ठेवा. पण खोलीमुळे बिघडणाऱ्या आवाजाची दुरुस्ती करणारी यंत्रणा, म्हणजे ऑडिसी, डिरॅक वगैरे, किंवा सबवूफरची विभागणी लागू करायची असेल तर बहुतेक रिसिव्हर डीएसडीचं आत पीसीएम करूनच पुढे जातात, काही रिसिव्हर डीएसडी आल्यावर दुरुस्ती बंद करून टाकतात. तुमचा यातला कुठला हे मॅन्युअलमध्ये बघा. दुरुस्ती बंद पडत असेल तर प्लेअरमध्येच पीसीएम निवडा. आपल्या फरशी-भिंतींच्या घुमणाऱ्या खोल्यांत खोलीची दुरुस्ती शुद्ध डीएसडीपेक्षा कितीतरी जास्त कामाची. एक गोष्ट मात्र हमखास गोंधळात टाकते: एसएसीडीचा थर सीडीच्या थरापेक्षा कमी आवाजात वाजतो, सहा डेसिबलपर्यंत. प्लेअर बिघडलेला नसतो, डीएसडीची पातळीच तशी ठरवलेली आहे. आवाजाचा नॉब थोडा वर घ्यायचा.

ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल सॉकेटमधून एसएसीडीचा डीएसडी थर बाहेर येत नाही. परवान्यातच तशी मनाई आहे. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी यांनाही ही तार पुरत नाही, त्यांच्यातला साधा गाभाच येतो. बाहेरचा डॅक लावून एसएसीडी ऐकायचा बेत असेल तर तो इथे मोडतो.

तीन, अ‍ॅनालॉग. प्लेअरच्या डॅकमधून थेट आरसीए किंवा एक्सएलआर तारेने अ‍ॅम्प्लिफायरला. महागड्या प्लेअरचे पैसे वसूल होतात ते याच रस्त्यावर. तुमच्याकडे चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल, त्यात एचडीएमआय नसेल आणि वेगळा डॅक घ्यायचा नसेल, तर मॅग्नेटार यूडीपी९०० किंवा जुना ओप्पो यूडीपी-२०५ अशा यंत्रांना अर्थ आहे. पाच किंवा सात चॅनेल अ‍ॅनालॉगने काढायचे असतील तर दोनदा विचार करा. सब विभागणी, स्पीकरचं अंतर, पातळी हे सगळं प्लेअरच्या मेन्यूमधून करावं लागतं आणि तिथे रिसिव्हरएवढी सोय नसते. शिवाय रिसिव्हरचा मल्टिचॅनेल अ‍ॅनालॉग इनपुट बहुधा दुरुस्ती यंत्रणेला वळसा घालून जातो. सब अगदीच मंद वाटला तर एलएफई (सबसाठीचा खास खर्जाचा) चॅनेल १० डेसिबल कमी येतोय का ते तपासा. रिसिव्हरमध्ये त्या इनपुटसाठी +१० डेसिबलची सेटिंग असते.

दुकानात ऐकताना होणारी फसगत इथेच सांगून टाकतो. आरसीए आउटपुट साधारण २ व्होल्टचं, एक्सएलआर साधारण ४ व्होल्टचं. म्हणजे एक्सएलआर लावलं की आवाज ६ डेसिबलने मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त उघडा', 'जास्त जिवंत' वाटतो. दोन प्लेअरची तुलना करायची तर पातळी जुळवूनच. १ किलोहर्ट्झचा टोन असलेली चाचणी सीडी लावा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही प्लेअरसाठी तोच आकडा येईपर्यंत आवाज जुळवा. १ टक्क्याच्या आत आलं की फरक साधारण ०.१ डेसिबल उरतो. मग डोळ्याआड कुणाला तरी तार बदलायला लावा. बहुतेक 'आकाशपाताळाचे' फरक इथे विरघळतात. जे उरतात त्यांचे पैसे द्या.

पायरी तिसरी: चित्र

यूएचडी ब्लू-रे डिस्क २०१६ पासून मिळू लागल्या. ३८४० बाय २१६०, १० बिट, ६६ किंवा १०० जीबी, कमाल १२८ मेगाबिट प्रति सेकंद. स्ट्रीमिंगला याच्या आसपासही जाता येत नाही, आणि अंधारे प्रसंग, धूर, पाऊस यांत ते नजरेला दिसतं.

आता एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला असलेलं चित्र. प्रत्येक एचडीआर यूएचडी डिस्कवर एचडीआर१० असतोच. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे वरचे पर्यायी थर. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, त्यामुळे सॅमसंग टीव्ही असेल तर प्लेअरमध्ये एचडीआर१०+ बघा, डॉल्बी व्हिजनसाठी वेगळे पैसे मोजू नका. एलजी आणि सोनीच्या वरच्या टीव्हींना डॉल्बी व्हिजन चालतो.

प्रोजेक्टरवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. डिस्कचं मास्टरिंग १००० किंवा ४००० निट्सवर (निट हे उजेडाचं माप) झालेलं असतं आणि घरगुती प्रोजेक्टरचा पडदा शंभरेक निट्सही गाठेलच असं नाही. मधली दरी कुणीतरी भरायला हवी, नाहीतर ढग पांढरेफटक होतात किंवा अख्खं चित्र अंधारतं. यालाच टोन मॅपिंग म्हणतात. टीव्ही स्वतःचं टोन मॅपिंग बरं करतात. अनेक प्रोजेक्टर करत नाहीत. पॅनासोनिकच्या यूबी८२० आणि यूबी९००० मध्ये 'एचडीआर ऑप्टिमायझर' आहे: मेन्यूत पडद्याचा प्रकार निवडायचा, ओएलईडी, एलसीडी की जास्त वा कमी प्रकाशाचा प्रोजेक्टर, आणि प्लेअर त्याप्रमाणे उजेडाची टोकं आधीच दाबून पाठवतो. साध्या प्रोजेक्टरच्या खोलीत हा एकच गुण असा आहे की त्यासाठी प्लेअर बदलावा. आणि तो मिळवायला यूबी९००० लागत नाही, यूबी८२० मध्येही तोच आहे. ९००० चे जास्तीचे पैसे बांधणी, वीजपुरवठा आणि एक्सएलआरसकट अ‍ॅनालॉग आउटपुटसाठी. अ‍ॅनालॉग वापरणार नसाल तर ८२० घ्या आणि उरलेल्या पैशांत पडदा सुधारा.

जुन्या डीव्हीडींबद्दल अपेक्षा माफक ठेवा. चांगला प्लेअर इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) चित्र नीट जुळवतो, कडा कमी दातेरी दिसतात, एवढंच. आपल्याकडच्या कितीतरी मराठी डीव्हीडी चौकोनी चौकटीत काळ्या पट्ट्यांसकट, कमी बिटरेटवर, कधीकधी तीन चित्रपट एका डिस्कवर कोंबून काढलेल्या आहेत. मुळात नसलेला तपशील कुठलाही स्केलर (चित्र मोठं करणारा भाग) आणत नाही. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'सोर्स डायरेक्ट' (चित्र न बदलता टीव्हीला पाठवणं) असेल तर दोन्ही करून बघा, आजचे चांगले टीव्ही हे काम कधीकधी प्लेअरपेक्षा सरस करतात.

पायरी चौथी: नावानिशी निवड

रिसिव्हर आहे, एसएसीडी आहेत, बजेट आवरतं आहे: सोनी यूबीपी-एक्स८००एम२. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाचतो, दोन एचडीएमआय आहेत, अ‍ॅनालॉग आवाज नाही. खोड एकच: डॉल्बी व्हिजन चालू ठेवला की साध्या एचडीआर१० डिस्कही डॉल्बी व्हिजनच्या वेष्टनात पाठवतो आणि रंग जरा चुकतात. डिस्कप्रमाणे हाताने चालू-बंद करावं लागतं. समोर डिस्प्ले नाही, त्यामुळे टीव्ही बंद ठेवून गाणी ऐकणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये.

प्रोजेक्टर किंवा चित्रालाच प्राधान्य: पॅनासोनिक यूबी८२०, ऐपत आणि अ‍ॅनालॉगची गरज असेल तर यूबी९०००.

सगळ्या जातीच्या डिस्क, उत्तम अ‍ॅनालॉग, एकच पेटी: मॅग्नेटार यूडीपी८०० किंवा यूडीपी९००. अमेरिकेतली किंमत सुरुवातीला अनुक्रमे १५९९ आणि २९९९ डॉलर होती. जाडजूड बांधणी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, डॉल्बी व्हिजन, सगळं आहे. नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप नाहीत आणि ती नसणंच बरं, अशा यंत्रातली अ‍ॅप दोनतीन वर्षांत मरतात. ९०० चे जवळजवळ दुप्पट पैसे पूर्णपणे अ‍ॅनालॉग भागासाठी आहेत. एचडीएमआयवर दोघांत निवड करायची तर ८०० च घ्यावा. रेव्हॉनचा विचार करत असाल तर मॉडेल नीट वाचा: यूबीआर-एक्स१०० एसएसीडी वाचत नाही.

जुना ओप्पो: यूडीपी-२०३ आणि २०५ यांची नवी किंमत अमेरिकेत ५४९ आणि १२९९ डॉलर होती. आज जुन्या बाजारात त्याहून जास्त मागतात. यंत्र अप्रतिम आहे, पण लेझर झिजणारी वस्तू आहे आणि कंपनी या धंद्यात नाही. घेणारच असाल तर पुढची चाचणी पूर्ण केल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी पाचवी: रीजन आणि व्होल्टेज

इथे चूक झाली तर पैसे थेट पाण्यात. यूएचडी ब्लू-रेला रीजन नाही, सीडी-एसएसीडीलाही नाही. साध्या ब्लू-रेला आहे: भारत सी, अमेरिका आणि जपान ए, युरोप, आखाती देश आणि ऑस्ट्रेलिया बी. डीव्हीडीत भारत ५, अमेरिका १, युरोप, आखात आणि जपान २. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेल्या यूएचडीच्या डब्यात जोडीला साधी ब्लू-रे असते, ती भारतीय प्लेअरवर 'रीजन चुकीचा' म्हणून नाकारली जाते आणि लोकांना वाटतं डिस्क खराब आली. भारतात निघालेल्या बऱ्याच डिस्क सगळ्या रीजनसाठी खुल्या असतात, पण पाठीवरचा छोटा नकाशा किंवा षटकोन बघूनच खात्री करा. दुबई किंवा न्यू जर्सीत राहून दोन्हीकडच्या डिस्क जमवणाऱ्यांनी मल्टि-रीजन केलेला प्लेअर घ्यावा. फक्त विक्रेत्याला स्पष्ट विचारा: डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही खुलं आहे का, आणि फर्मवेअर (प्लेअरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर ते टिकतं का? दुसऱ्या प्रश्नाला थातूरमातूर उत्तर आलं तर पुढे जा.

अमेरिकी किंवा जपानी यंत्राच्या पाठीवरची वीजपट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. '१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर फक्त प्लग बदला. फक्त १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर पहिल्याच सेकंदाला फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर पॉवर बोर्डच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, १०० व्हीए क्षमतेचा प्लेअरला सहसा पुरतो, पण तो गुणगुणतो आणि शांत खोलीत ते ऐकू येतं. जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं, ११० चा ट्रान्सफॉर्मर त्याला बरोबर नाही. काही महागड्या प्लेअरला तळाशी किंवा मागे व्होल्टेजचा सरकता स्विच असतो. तो बघायचा राहून जातो आणि मग दुरुस्तीवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात. परदेशी यंत्राला भारतात वॉरंटी बहुधा नसते, हे किमतीत धरून चाला.

पायरी सहावी: दुकानात किंवा जुन्या मालकाच्या घरी चाचणी

सोबत न्यायच्या वस्तू: १०० जीबीची एक यूएचडी डिस्क, एक हायब्रिड एसएसीडी, थोडे ओरखडे असलेली एक डीव्हीडी, एक सीडी, स्वतःची एचडीएमआय तार.

आधी १०० जीबीची डिस्क. तीन थरांची असते आणि लेझर थकला की पहिली तक्रार इथेच येते. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने, डीव्हीडी ६५० च्या आणि ब्लू-रे ४०५ च्या निळ्या लेझरने वाचली जाते, म्हणून 'सीडी मस्त वाजते' हा निळ्या लेझरच्या तब्येतीचा दाखला नाही. चित्रपटाच्या शेवटच्या पाऊण तासात पाचसहा ठिकाणी उड्या मारा. कुठे अडकला, चौकटी फुटल्या किंवा डिस्क 'लोडिंग'वर घुटमळली तर तीच जागा दुसऱ्या डिस्कवर बघा. दोन्हीकडे तसंच झालं तर प्लेअर नको.

मग ट्रे. पाचसहा वेळा उघडबंद करा, अर्ध्यावर थबकतो का, बंद होताना डिस्कला घासतो का. रात्रीच्या शांततेत त्रास देतो तो फिरण्याचा आवाज, म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून तीन फुटांवर कान द्या. दोन्ही एचडीएमआय वापरून बघा, जुन्या यंत्रात एक मेलेलं असणं नवलाचं नाही. एसएसीडी लावून डिस्प्लेवर तिचं नाव येतंय याची खात्री करा. शेवटी फर्मवेअरची आवृत्ती लिहून घ्या.

पायरी सातवी: घरी जोडणी

तार आधी. 'प्रीमियम हाय स्पीड' असा स्कॅन करता येणारा लेबल असलेली, १८ गिगाबिटची, तीन-चार मीटरपर्यंतची तांब्याची तार पुरते. प्रोजेक्टर छतावर असेल आणि दहा मीटर लागत असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. ती एकाच दिशेने चालते, टोकांवर लिहिलेलं असतं, भिंतीत घालण्याआधी वाचा. हजारो रुपयांच्या 'ऑडिओफाइल' एचडीएमआयने चित्र सुधारत नाही. वाईट तारेची लक्षणं ओळखू येतात: पांढरे ठिपके चमकणं किंवा दोन सेकंद काळा पडदा.

रिसिव्हर जुना, ४के न घेणारा असेल तर टाकू नका. प्लेअरचं मुख्य एचडीएमआय थेट टीव्हीला, दुसरं फक्त आवाजाचं एचडीएमआय रिसिव्हरला. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर रिसिव्हरमधल्या लिप-सिंकमध्ये १० मिलिसेकंदांनी वाढवत जा. टीव्हीतून एआरसीने आवाज मागे आणायचा विचार असेल तर साधा एआरसी ट्रूएचडी वाहून नेत नाही, त्याची सुधारित आवृत्ती ईएआरसी हवी, आणि सगळे टीव्ही डीटीएस पुढे जाऊ देत नाहीत. थेट जोडणं केव्हाही सोपं.

मेन्यूत बदलायच्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण एक जरी सुटली तरी महागडा प्लेअर साधा होऊन बसतो.

टीव्हीच्या त्या एचडीएमआय इनपुटला 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' चालू करा. नाहीतर प्लेअर बिनतक्रार एसडीआर (एचडीआर नसलेलं साधं चित्र) पाठवत राहतो. २४पी (सेकंदाला २४ चौकटी) आउटपुट ऑटोवर. ते बंद राहिलं तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके खातं. डिजिटल आवाज बिटस्ट्रीमवर आणि 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'मिक्सिंग' बंद. ही शेवटची सेटिंग सर्वांत जास्त लोक विसरतात: ती चालू असली की प्लेअर मेन्यूचे टिकटिक आवाज मिसळण्यासाठी मूळ ट्रॅक मोडून दाबलेला ट्रॅक पाठवतो. रिसिव्हरवर 'अ‍ॅटमॉस' किंवा 'ट्रूएचडी' ऐवजी नुसतं 'डॉल्बी डिजिटल' दिसलं तर इथे या. एसएसीडीसाठी मल्टिचॅनेल की स्टिरिओ, आणि डीएसडी की पीसीएम, हे ठरवा. बीडी-लाइव्ह (डिस्कची इंटरनेटवरची जोड) बंद करा, त्याने डिस्क उशिरा सुरू होते. फर्मवेअर मात्र अद्ययावत ठेवा, नव्या डिस्कच्या संरक्षण-किल्ल्या त्यातून येतात आणि 'नवीन चित्रपट चालत नाही' याचं कारण बरेचदा तेवढंच असतं.

१९८० च्या दशकातल्या काही सीडींचा आवाज डिजिटल आउटपुटमधून कर्कश वाटला तर प्री-एम्फसिस आठवा. त्या सीडी वरच्या पट्ट्या मुद्दाम वाढवून छापल्या होत्या, प्लेअरने त्या खाली आणायच्या असतात. स्वतःच्या अ‍ॅनालॉग आउटपुटवर बहुतेक प्लेअर ते करतात, बाहेरचा डॅक करेलच असं नाही.

बिघाड आणि आपली हवा

नवी यूएचडी डिस्क ठरावीक जागी अडकली तर आधी डिस्क पुसा. कारखान्यातूनच बोटांचे ठसे आणि तेलकट डाग घेऊन डिस्क येतात आणि तीन थरांच्या डिस्कला तेवढंही पुरतं. मऊ मायक्रोफायबर, लागलंच तर किंचित ओलसर, मधून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका, ओरखडा ट्रॅकच्या दिशेने गेला तर प्लेअरच्या चुका भरून काढणाऱ्या यंत्रणेला तो सांधता येत नाही. ब्रश लावलेल्या लेन्स क्लीनिंग सीडी ब्लू-रे प्लेअरमध्ये कधीच घालू नका, निळ्या लेझरची लेन्स डिस्कच्या फार जवळ असते.

मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात दमट हवा लेन्सवर बसते. प्लेअर महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, आठवड्याला तासभर चालवा, कपाट बंदिस्त असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पावसाळ्यात बदला. एसीच्या खोलीतून गार यंत्र दमट खोलीत नेलं तर आत दव धरतं, दोन तास थांबूनच चालू करा. वर दुसरं यंत्र ठेवायचं नाही, दहा सेंटीमीटर मोकळी जागा सोडा. गणपतीत हॉलची मांडणी बदलताना प्लेअर रिसिव्हरच्या गरम पाठीवर जाऊन बसतो, तो तिथेच दिवाळीपर्यंत राहतो.

अ‍ॅनालॉग जोडल्यावर स्पीकरमधून सतत ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर प्लेअर परत करण्याआधी टीव्हीची केबल किंवा डिशची तार काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थ लूप (दोन वाटांनी अर्थिंग जोडल्याने फिरणारा प्रवाह) तिथून येतोय. त्या तारेला आयसोलेटर लावा आणि सगळी यंत्रं एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग आहेत. तसं करू नका, महागड्या यंत्राची धातूची पेटी हाताला झटका देऊ शकते.